भाग न देता सिद्ध झालेली मूळ संख्या: २^१२७ − १ ची पार्श्वभूमी

ऑक्टोबर २०२४ मध्ये २^१३६२७९८४१ − १ ही मूळ संख्या सापडल्याची बातमी आली. ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंक, आणि त्यासाठी कितीतरी देशांतल्या डेटा सेंटरमधले जीपीयू (एकाच वेळी ढीगभर आकडेमोड करणाऱ्या चिप्स) कामाला लावलेले. रेकॉर्ड म्हणून भारीच, पण मला विचाराल तर या घराण्यातली, म्हणजे २ चा कुठलातरी घात वजा १ अशा मूळ संख्यांमधली, खरी ग्रेट संख्या फक्त ३९ अंकी आहे, २^१२७ − १, म्हणजे १७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७.

घराणं मर्सेनचं. हा फ्रेंच धर्मगुरू, याने १६४४ साली ठोकून दिलं की २५७ पर्यंतच्या घातांकांमध्ये २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ एवढ्यांनाच २^n − १ मूळ येते. पुरावा काही नाही! ६७ आणि २५७ चुकीचे निघाले, ६१, ८९, १०७ राहूनच गेले. घातांक मूळ असावाच लागतो, पण तेवढ्याने भागत नाही, २^११ − १ = २०४७ = २३ × ८९.

१७७२ मध्ये ऑयलरने २^३१ − १ मूळ असल्याचं दाखवलं, पण तो भाग देऊन बघत गेला, फक्त कुठल्या प्रकारच्या संख्यांनीच भाग जाऊ शकतो हे आधी शोधल्यामुळे बरेच भागाकार वाचले. १२७ ला ही ट्रिक चालणारच नव्हती, कारण वर्गमूळच २० अंकी येतं, जन्म जाईल.

मग १८७६ मध्ये एदुआर लुकास (फ्रेंच गणिती, टॉवर ऑफ हनोई हे चकत्यांचं कोडं काढणारा, तोच) वेगळाच रस्ता घेऊन आला. लेमर या अमेरिकन गणितज्ञाने १९३० मध्ये सुटसुटीत केलेलं त्याचं रूप असं: ४ पासून सुरू करा, वर्ग करा, २ वजा करा, आपल्या संख्येने भागून बाकी ठेवा, परत तेच. घातांकापेक्षा २ कमी इतक्या वेळा केल्यावर शून्य आलं तर मूळ, नाही आलं तर नाही. २^७ − १ = १२७ घेऊन बघा: ४, १४, ६७, ४२, १११, ०. पाच पायऱ्यांत खेळ खलास. १२७ घातांकाला १२५ पायऱ्या, त्याही ३९ अंकी आकड्यांच्या, आणि लुकासने हे सगळं हाताने केलं. अवयव न शोधता निकाल लागतो ही खरी गंमत. त्याच पद्धतीने त्याने २^६७ − १ मूळ नाही हेही दाखवलं, अवयव मात्र १९०३ साली कोल या अमेरिकन गणितज्ञाने काढले, १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७.

२^१२७ − १ मूळ ठरली, आणि माहीत असलेली सगळ्यात मोठी मूळ संख्या हा लुकासचा रेकॉर्ड १९५१ पर्यंत, म्हणजे ७५ वर्षं टिकला. जानेवारी १९५२ मध्ये रॉबिन्सन या अमेरिकन गणितज्ञाने स्वॅक नावाच्या कॉम्प्युटरवर हीच टेस्ट चालवून २^५२१ − १ काढली आणि तिथून पुढे माणसांचा नंबर लागलाच नाही.

आता यातली सगळ्यात भन्नाट गोष्ट. २ घातांक घेतला की ३ येतो, ३ घेतला की ७, ७ घेतला की १२७, १२७ घेतला की आपली ही संख्या, आणि सगळ्या मूळ. हे कातालान या गणितज्ञाच्या लक्षात आलं, मग साहजिकच विचारायचं की हिलाच घातांक केलं तर तीही मूळ येईल का? ती संख्या इतकी राक्षसी आहे की नुसते अंकच सुमारे ५ वर ३७ शून्यं इतके होतात, लुकासची टेस्ट राहू दे, संख्या लिहून ठेवायलाही जागा नाही. फारतर छोटे अवयव शोधता येतात, लोक शोधतायत, अजून एकही सापडलेला नाही.