अंतर तेवढंच, मग जाताना आठ तास आणि येताना सात कसे?

लंडन ते न्यूयॉर्क हवाई अंतर शोधलं की साधारण ५,५५० किलोमीटर येतं. मग आपण विमानाचा स्पीड ९०० धरतो, भागाकार करतो, सहा तासांच्या थोडं वर उत्तर येतं आणि तिकिटावर बघावं तर आठ तास! म्हणजे आता हे दोन तास कुठे गेले?

पहिलं म्हणजे ते अंतर पृथ्वीच्या गोलावरचं, सगळ्यात जवळच्या वाटेचं असतं. सपाट नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारली तर ती वाट दिसत नाही, ग्लोबवर दोरा ताणून बघा, तो वर उत्तरेकडे सरकून न्यूफाउंडलंडजवळून जातो. विमानं पण साधारण तिकडूनच जातात, पण रोज अगदी त्याच रेषेवर नाही, कारण वारा.

आणि खरा खेळ वाऱ्याचाच आहे. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात, हिवाळ्यात तो अजून तगडा असतो. न्यूयॉर्कला जाताना तो समोरून येतो, लंडनला येताना पाठीवर असतो, म्हणून येताना तासभर तरी सहज वाचतो. फेब्रुवारी २०२० मध्ये तर वादळामुळे वारा एवढा होता की ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ विमान न्यूयॉर्कहून ४ तास ५६ मिनिटांत लंडनला पोचलं! जमिनीच्या हिशोबाने स्पीड १,३०० च्या वर गेला होता, तरी आवाजाचा वेग काही मोडला नाही, कारण विमान हवेतून नेहमीसारखंच उडत होतं, हवाच त्याला घेऊन पळत होती.

तिकिटावरचा वेळ गेटपासून गेटपर्यंतचा असतो हेही विसरू नका, रनवेपर्यंतची रांग आणि उतरल्यावरचं रांगणं त्यातच आलं.

कधीकधी वारा नाही तर राजकारण आडवं येतं. हेलसिंकी-टोकियो अंतर आजही ७,८०० किलोमीटरच्या आसपासच आहे, पण २०२२ मध्ये रशियाचं आकाश बंद झालं आणि साडेनऊ तासांची फ्लाइट तेरा तासांवर गेली. शहरं जागची हललेली नाहीत.

आता सगळ्यात जास्त लोक फसतात ते घड्याळात. लंडनहून सकाळी ११ ला निघालात, न्यूयॉर्कला दुपारी २ ला उतरलात, म्हणजे तीन तास? नाही हो, मध्ये पाच तासांचा फरक आहे, तो मिळवा की आठ. उलट येताना संध्याकाळी ७ ला निघून सकाळी ७ ला पोचलात तर बारातून पाच वजा, सातच तास. आणि मार्चमध्ये दोन-तीन आठवडे हा फरक चारच तासांचा होतो, कारण अमेरिका घड्याळं ब्रिटनच्या आधी पुढे करते, तेव्हा पाच धरून हिशोब केलात तर फ्लाइट एकदम नऊ तासांची वाटेल.