मेक्सिकोतील मृतांच्या रात्रीचे छायाचित्रण: बेळगावहून व्हिसाचा अर्ज

१ नोव्हेंबर ही तारीख बेळगावकरांना वेगळ्याच कारणाने, कर्नाटक राज्योत्सव आणि काळ्या दिनामुळे, पाठ असते. मेक्सिकोच्या मिचोआकान राज्यात, पात्स्कुआरो सरोवरातील हानित्सिओ बेटावर, त्याच रात्री पुरेपेचा या स्थानिक आदिवासी समाजातली कुटुंबे आपल्या माणसांच्या कबरी झेंडूने सजवून मेणबत्त्यांच्या उजेडात २ नोव्हेंबरच्या पहाटेपर्यंत जागतात. मृतांच्या या सणाचा समावेश युनेस्कोने २००८ साली अमूर्त वारशाच्या सूचीत केला आहे, आणि आपल्या दसऱ्याचा झेंडूही मूळचा तिकडचाच.

हौशी छायाचित्रकाराला यासाठी अभ्यागत व्हिसा पुरतो. मात्र तिथे कोणाकडूनही मोबदला घेऊन काम करण्याची मुभा त्यात नसते, म्हणून प्रवासाचा हेतू लिहिताना छायाचित्रणाचा छंद लपवू नये आणि त्याला व्यवसायाचे रूपही देऊ नये. ज्यांच्याकडे अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा युरोपातल्या शेंगेन गटातील देशाचा वैध व्हिसा आहे, त्यांना मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. अमेरिकेमार्गे जाणाऱ्याला नुसते विमान बदलण्यासाठीही अमेरिकेचा व्हिसा काढावाच लागतो. तेव्हा मार्ग आधी ठरवावा, अर्ज नंतर भरावा.

इतरांनी मुलाखतीची वेळ घेऊन मेक्सिकोच्या भारतातील वकिलातीत स्वतः जावे. सोबत भरलेला अर्ज, मूळ पारपत्र व त्याची प्रत, छायाचित्र आणि खर्च झेपेल हे दाखवणारी बँकेची अलीकडची विवरणपत्रे किंवा पगाराचे पुरावे असावेत. आपल्याकडे अनेकांची बचत पतसंस्थेत असते. तिचे मराठी किंवा कन्नड पासबुक तसेच नेऊन भागत नाही, इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. खडे बाजारातल्या स्टुडिओत ‘पासपोर्ट साइज’ म्हटले की ३.५ × ४.५ सेंमीचा फोटो हातात पडतो; मेक्सिकोला त्याहून लहान, ३.१ × ३.९ सेंमीचा आणि चष्म्याशिवायचा लागतो, हे काउंटरवरच सांगावे. शहराचे इंग्रजी नाव १ नोव्हेंबर २०१४ रोजी बदलल्यामुळे जुन्या कागदांवर ‘बेलगाम’ आणि नव्यांवर ‘बेळगावी’ असते. अर्जात जन्मस्थळ पारपत्रावर आहे तसेच लिहावे.

वेळेचे गणित मात्र नीट करावे. एका प्रवेशाचा व्हिसा १८० दिवसांत वापरावा लागतो, त्यामुळे उत्साहाच्या भरात १ मे रोजी काढलेला व्हिसा सणाच्या तोंडावर, ऑक्टोबरअखेरीस संपतो. जुलै-ऑगस्ट हा सुमार मला योग्य वाटतो.

मेक्सिकोच्या सीमाशुल्क नियमांनुसार प्रवाशाला वैयक्तिक वापराचे २ कॅमेरे करमुक्त नेता येतात. अंधारासाठी महागडी लेन्स नेणार असाल, तर निघताना भारतीय विमानतळावरील सीमाशुल्क कक्षात कॅमेरा आणि लेन्स दाखवून, त्यांचे अनुक्रमांक नोंदवलेले निर्यात प्रमाणपत्र घ्यावे. त्यासाठी या वस्तू हातातल्या पिशवीतच ठेवाव्यात, कारण सामान विमानकंपनीच्या ताब्यात गेल्यावर दाखवायला काही उरत नाही, आणि परतल्यावर हीच लेन्स परदेशातून आणलेली नाही हे पटवत बसावे लागते.