उगवता चंद्र मोठा का दिसतो: दृष्टिभ्रमांच्या अभ्यासाची पार्श्वभूमी

कोजागिरी आली की बडोद्यात अगाशीवर मसाला दूध (शेजारचे गुजराती शरद पूनमेचे दूध-पौंआ पाठवतात ते वेगळंच) आणि फॅमिली ग्रुपवर चंद्राचे फोटो हे ठरलेलंच. फोटो टाकणारा दरवेळी हळहळतो की डोळ्याला थाळीएवढा दिसत होता, मोबाइलमध्ये टिकलीएवढा कसा आला? मग कुणीतरी जाणकार लिहितो की खाली हवा दाट असते, तिचं भिंग होतं. उत्तर चूक आहे, पण हसू नका, साधारण अठराशे वर्षांपूर्वी टॉलेमी या ग्रीक खगोलशास्त्रज्ञानेही जवळपास हेच कारण लिहून ठेवलं होतं.

आता हे चूक आहे हे ठरवायचं कसं, तर मोजून. चंद्र आकाशात साधारण अर्धा अंश जागा व्यापतो. हात लांब करून करंगळीचं नख पुढे धरा, चंद्र आरामात झाकला जातो, आणि सहाएक तासांनी तो डोक्यावर आल्यावर परत तेच करा, तेवढाच झाकला जातो. खरं तर उगवताना तो आपल्यापासून पृथ्वीच्या जवळजवळ एका त्रिज्येइतका, म्हणजे सहा हजारावर किलोमीटर जास्त लांब असतो, म्हणून किंचित लहानच असतो, आणि हवेमुळे काही होत असेल तर तो उभ्यात थोडा चेपला जातो. म्हणजे मोबाइल बरोबर आणि आपण चूक, पण सगळेच एकाच दिशेने चूक, आणि तिथूनच गंमत सुरू होते.

अकराव्या शतकाच्या सुरुवातीला कैरोत काम करणाऱ्या इब्न अल-हैथम या अरब विद्वानाने हा प्रश्न आकाशातून काढून बघणाऱ्याच्या डोक्यात आणून ठेवला. त्याचं म्हणणं असं की क्षितिजाकडे बघताना मधे झाडं, घरं, जमीन दिसते त्यामुळे ते लांब वाटतं, वर बघताना मधे काहीच नसतं, आणि दोन वस्तू डोळ्यात सारख्याच मापाच्या येत असतील तर जी लांब वाटते ती आपण मोठी धरतो. नुसत्या युक्तिवादावर थांबणारा माणूस नव्हता तो, अंधाऱ्या खोलीत छिद्रातून उजेड आत घेऊन प्रयोग करायचा. पण चंद्राबद्दलचं हे मत तपासायचं साधन त्याच्याकडे नव्हतं.

आपल्याकडेही भ्रमावर वाद कमी झाले नाहीत. दोरीचा साप, शिंपल्यात दिसणारी चांदी, मृगजळ ही उदाहरणं घेऊन न्याय, मीमांसा आणि वेदान्तवाले शतकानुशतकं भांडले की चूक नक्की होते कुठे, डोळ्यात की आठवणीत की जोडणीत. मला स्वतःला नैयायिकांचं एक म्हणणं फार आवडतं, ज्ञान खरं की खोटं हे त्यावर विसंबून केलेली कृती फळते का यावरून कळतं, पाणी दिसलं तर जा, तहान भागली तर खरं. प्रयोगाच्या इतकं जवळ येऊनही पुढचं पाऊल, म्हणजे भ्रम किती झाला हे आकड्यात धरणं, तेवढं राहिलं.

ते पाऊल पडलं एकोणिसाव्या शतकात, जर्मनीत. 1855 साली ओपेलने रेघांच्या आकृत्यांमुळे होणाऱ्या भासांना 'भौमितिक-प्रकाशीय भास' असं नाव दिलं, 1860 साली झोल्नर नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने कापडावरच्या नक्षीत समांतर रेघा तिरक्या दिसतात हे पकडलं, आणि त्याच वर्षी फेक्नरचा संवेदना मोजायच्या पद्धतींवरचा ग्रंथ आला. माझ्या मते खरा फरक या फेक्नरने पाडला. बाकीचे आकृत्या शोधत होते, याने मोजपट्टी दिली. 1879 मध्ये लाइपझिगला वुंटची मानसशास्त्राची प्रयोगशाळा उभी राहिली, आपलं बडोदा कॉलेज निघालं त्याच्या दोन वर्षं आधी.

मग 1889 मध्ये, म्हणजे लक्ष्मीविलास पॅलेस पुरा व्हायच्या आदल्या वर्षी, म्युलर-लायरने ती प्रसिद्ध आकृती छापली: दोन सारख्या लांबीच्या रेघा, एकीच्या टोकांना आत वळलेले बाण, दुसरीच्या टोकांना बाहेर उघडलेले. दुसरी लांब वाटते, माहीत असूनही वाटते, पट्टी ठेवून मोजून उठलात तरी परत लांबच वाटते. मोजायची रीत अगदी साधी, एक रेघ सरकती ठेवायची आणि समोरच्याला म्हणायचं, दोन्ही सारख्या दिसेपर्यंत सरकव. तो थांबला की खऱ्या लांबीपेक्षा किती मिलिमीटर चुकला ते लिहून घ्यायचं, तो 'मला जरा मोठी वाटते हो' म्हणाला का याच्याशी मग काही घेणं नाही.

ही रीत घेऊन रिव्हर्स नावाचा इंग्रज डॉक्टर 1898 मध्ये केंब्रिजच्या मोहिमेबरोबर ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीच्या मधल्या टॉरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवर गेला, आणि पुढे 1901-02 मध्ये आपल्या निलगिरीत तोडा लोकांकडे. शिकलेल्या युरोपियनपेक्षा हे लोक जास्त फसणार हा त्या काळचा सर्रास समज. निघालं उलटं, बाणांच्या आकृतीत ते इंग्रजांपेक्षा कमी फसले, पण उभी रेघ आडवीपेक्षा लांब वाटते त्या भासात मात्र जास्त फसले. हा निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण एकात कमी आणि दुसऱ्यात जास्त म्हटल्यावर 'यांची नजर तीक्ष्ण' किंवा 'हे अडाणी' अशी सरसकट उत्तरं आपोआप बाद होतात.

चंद्राचं गाडं मधल्या काळात भलतीकडेच गेलं होतं. 1940 मध्ये हार्वर्डच्या हॉलवे आणि बोरिंग यांनी प्रयोग करून सांगितलं की सगळा खेळ डोळे वर उचलण्याचा आहे, नजर वर केली की चंद्र लहान होतो. बरीच वर्षं हे चाललं. 1962 मध्ये कॉफमन आणि रॉक यांनी आरशांच्या साधनाने आकाशात खोटे चंद्र दाखवून दोन जागच्या चंद्रांची तुलना करायला लावली, तर डोळे वर-खाली केल्याने फारसा फरक पडेना, पण क्षितिज आणि जमीन झाकली की मोठेपणा गायब. नळी करून बघितलं की आपल्यालाही हेच दिसतं. म्हणजे इब्न अल-हैथमची बाजू वर आली, पण पुरती नाही, कारण लोकांना विचारलं तर उगवता चंद्र जवळ आल्यासारखा वाटतो म्हणतात, लांब नाही. ती गाठ अजून सगळ्यांना पटेल अशी सुटलेली नाही.

बाणांच्या रेघांचंही तसंच. 1963 मध्ये ग्रेगरी या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने म्हटलं की ही आकृती मेंदू खोलीच्या कोपऱ्यासारखी वाचतो आणि लांबचा वाटणारा कोपरा मोठा धरतो, आणि 1966 मध्ये सीगल, कॅम्पबेल आणि हर्स्कोविट्स यांनी अनेक देशांतली आकडेवारी छापली. अमेरिकेतल्या इव्हॅन्स्टन गावचे लोक जवळपास पाचव्या हिश्शाने चुकत होते आणि आफ्रिकेतल्या कलहारी वाळवंटातले सॅन शिकारी जवळजवळ अजिबात नाही. निष्कर्ष असा की चौकोनी घरात, सरळ भिंतीत वाढलेला माणूस फसतो. झकास सिद्धांत, वर्षानुवर्षं पाठ्यपुस्तकात.

त्याला धक्का बसला तो भारतातच. मेंदूशास्त्रज्ञ पवन सिन्हा यांच्या 'प्रोजेक्ट प्रकाश'मध्ये उत्तर भारतातल्या जन्मांध मुलांची मोतीबिंदूची ऑपरेशनं होतात. 2015 मध्ये छापलेल्या अभ्यासात अशी 8 ते 16 वयाची नऊ मुलं होती, दृष्टी आल्यावर 48 तासांच्या आत त्यांना बाणांच्या रेघा आणि रुळांसारख्या जवळ येणाऱ्या रेघांमधला पॉन्झोचा भास (दोन सारख्या आडव्या रेघांतली वरची मोठी वाटते तो) दाखवला, आणि ती दोन्हीत फसली. भिंती, कोपरे, रस्ते बघत मोठं व्हायला त्यांना वेळच मिळाला नव्हता. मग कलहारीचे आकडे कशाने आले, यावर दोन्ही बाजू आजही एकमेकींचे प्रयोग तपासतायत.