मालवाहू सायकल ऊर्फ कार्गो बाईक

माणसाबरोबर ओझं किंवा मुलं नेता यावीत म्हणून मुद्दाम बांधलेली दोनचाकी किंवा तीनचाकी सायकल. व्याख्या सरळ वाटते, पण सगळा वाद 'मुद्दाम बांधलेली' या दोन शब्दांवर आहे. युरोपातली वर्गवारी करणारे फ्रेम बघतात, ओझ्याची जागा फ्रेममध्येच धरलेली हवी, कॅरियरला टोपली बांधली तर ती साधी सायकलच. या मापाने गोव्याचा पोदेर, म्हणजे सायकलवरून पाव विकणारा, बाद होतो. मागे भलीमोठी टोपली, वर निळं प्लास्टिक, आत पोळी, उंडे आणि काकणं हे पावाचे प्रकार, हँडलला पों-पों वाजणारा भोंगा, आणि हे सगळं रोज दोन वेळा वाड्यावाड्यावर फिरतं, तरी ती मालवाहू सायकल नाही म्हणे. दुसरा पक्ष वापर बघतो, जिचं रोजचं काम ओझं वाहण्याचं ती मालवाहू. प्रस्तुत नोंदीत दुसरी व्याख्या धरली आहे, पण तांत्रिक भागात पहिलीशिवाय चालत नाही हेही खरं.

उगमाबद्दल बोलायचं तर एकच जन्मगाव सांगणं कठीण आहे. ब्रिटनमध्ये खाटीक आणि किराणावाल्यांच्या पोऱ्यांकडे पुढे टोपली असलेल्या सायकली असायच्या, त्यात पुढचं चाक लहान ठेवून टोपली हँडलऐवजी फ्रेमला जोडलेली, म्हणजे हँडल वळलं तरी टोपली वळत नाही. नेदरलँड्समध्ये बेकरीवाले, दूधवाले तीनचाकी 'बाकफीट्स' वापरायचे, बाक म्हणजे पेटी आणि फीट्स म्हणजे सायकल, नावात काही गूढ नाही. हल्ली जिला लोक कार्गो बाईक म्हणतात ती लांबुळकी दोनचाकी, हँडल आणि पुढचं चाक यांच्यामध्ये ओझं, ही डेन्मार्कची 'लाँग जॉन'. तिचं साल काही ठिकाणी १९२३ दिलेलं असतं तर काही ठिकाणी १९२९, आणि दुसऱ्या सालाबरोबर ओडेन्स शहरातल्या कारखान्याचं नाव येतं. कल्पना आधीची आणि कारखान्यातलं उत्पादन नंतरचं असं मानलं तर दोन्ही सालं जुळतात, तरी १९२० चं दशक म्हणून थांबणं जास्त बरं.

दुसऱ्या महायुद्धानंतर छोट्या व्हॅन आल्या आणि या सायकली मागे पडल्या. घरगुती वापराचं श्रेय बहुतेक जण कोपनहेगनच्या क्रिस्टियानिया वस्तीला देतात, तिथे १९८४ मध्ये पुढे पेटीवाली तीनचाकी बनली. डच मंडळी मात्र २००० च्या आसपासच्या, पेटीत मुलांना बसायला बाकडं असलेल्या दोनचाकीकडे बोट दाखवतात. डच सायकलीने चाल सुधारली हे मान्य, पण मुलांना पेटीत घालून शाळेत सोडण्याची रीत क्रिस्टियानियाची म्हणणं जास्त पटतं. कोपनहेगनमध्ये दोन किंवा जास्त मुलं असलेल्या घरांपैकी साधारण चौथाई घरांत आता अशी सायकल आहे. तिसरा प्रकार 'लाँगटेल', म्हणजे मागचं चाकच मागे सरकवून कॅरियर लांब करायचा, हा १९९८ च्या सुमाराचा, साध्या सायकलीला मागून जोडायचा अमेरिकन प्रकार. आपल्या डोळ्यांना सगळ्यात ओळखीचा हाच, कारण डबलसीटचीच ती वाढवलेली आवृत्ती.

तांत्रिक फरक मुख्यतः ओझ्याच्या उंचीचा. पोदेराच्या टोपलीतलं वजन चाकाच्या वर, म्हणजे उभं राहताना सायकल लवंडू बघते, पाव हलका म्हणून निभतं. लाँग जॉनमध्ये तेच वजन गुडघ्याच्या खाली येतं, म्हणून ३० किलोच्या आसपासचा भरलेला गॅस सिलिंडरही डोलत नाही. पण हँडल आणि पुढचं चाक लांब पडल्यामुळे मधे स्टिअरिंगची सळी लागते आणि पहिले दोन-तीन दिवस माणूस चाकाकडेच बघत बसतो, बघायचं असतं रस्त्याकडे. तीनचाकी थांबल्यावर पडत नाही, पण वळणावर वेगात घेतली तर आतलं चाक उचलतं. आपल्या जुन्या काळ्या सायकलीला मागे ४० आणि पुढे ३२ आरे असतात ते उगाच नाही, वजन सगळं मागच्या चाकावर.

चढाचा हिशोब गोव्यात महत्त्वाचा. माणूस, सायकल, दोन मुलं आणि बाजार मिळून १५० किलो धरले आणि ८ टक्के चढावर ताशी ६ किलोमीटरने जायचं म्हटलं तर २०० वॅटच्या आसपास ताकद लागते, साधा माणूस सतत १०० च्या जवळपास देतो. म्हणून पणजीत मिरामार-कांपाल किंवा रायबंदरचा बांध, सासष्टीत कोलवा-बाणावलीकडचा सपाट भाग इथे बिनमोटारीची चालते, पणजीतली अल्तिनोची टेकडी किंवा कुठल्याही सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या पठारावर, घर असेल तर मोटार हवीच. भारतात २५० वॅटच्या आतली मोटार आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग असेल तर ती मोटार वाहनात धरत नाहीत, लायसन्स आणि नंबरप्लेट लागत नाही.

पावसाळ्यात जुन्या सायकलीचे सळीचे (रॉड) ब्रेक ओल्या क्रोमच्या रिमवर जवळजवळ निकामी होतात, मुलं बसवायची तर डिस्क किंवा ड्रम ब्रेकच घ्यावेत. फेरीबोटीच्या धक्क्यावर, विशेषतः ओहोटीला उतार जास्त आणि शेवाळ असतं तेव्हा, मुलांना उतरवून सायकल हाताने न्यावी. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, बाजाराला माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या मांडवीचं) सामान, नारळ, केळ्यांचा घड हे पेटीत मावतं आणि पार्किंग शोधावं लागत नाही, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला गाडी घेऊन गेलेल्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

पेटीवाल्या सायकली सगळ्याच भक्कम असंही नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये नेदरलँड्सच्या सरकारी यंत्रणेने बाबू या डच कंपनीला फ्रेम तुटण्याच्या तक्रारींमुळे विक्री थांबवायला लावली होती. खाऱ्या हवेत जोडाचं वेल्डिंग आधी गंजतं, तेव्हा रंग सुटलेला दिसला की बघून घ्यावं. सुट्या भागांत मागच्या २६ इंची चाकाची ट्यूब कोणत्याही तिठ्यावरच्या सायकलवाल्याकडे मिळते, पुढच्या २० इंचीला रुंदी जुळली तर मुलांच्या सायकलची चालते, स्टिअरिंगच्या सळीचे जोड मात्र लेथवाल्याकडून करून घ्यावे लागतात.