डोळ्याच्या पडद्यावर स्वादुपिंडाच्या खुणा

ठाण्याच्या नौपाड्यात सध्या एक पत्रक हातोहात वाटलं जातंय: बुबुळाचा फोटो काढा, स्वादुपिंडापासून मूत्रपिंडापर्यंत सगळ्या विकारांचं निदान मिळवा. या प्रकाराला इरिडॉलॉजी म्हणतात. १९७९ साली अमेरिकेत १४३ जणांच्या बुबुळांचे फोटो इरिडॉलॉजीवाल्यांपुढे ठेवून ‘यात मूत्रपिंडाचे रुग्ण कोण?’ असं विचारलं गेलं. त्यांना ते ओळखता आलं नाही. विषय तिथेच संपायला हवा होता.

गंमत अशी, की बुबुळाच्या बरंच मागे, डोळ्याच्या पडद्यावर, म्हणजे रेटिनावर, स्वादुपिंडाच्या खुणा कधीकधी खरोखरच उमटतात. १९१० मध्ये ऑटमार पर्चर या ऑस्ट्रियन नेत्रतज्ज्ञाने झाडावरून पडून डोक्याला मार लागलेल्या एका माणसाच्या पडद्यावर पांढरे चट्टे पाहिले. तसेच चट्टे पुढे स्वादुपिंडाच्या तीव्र दाहातही सापडले, डोक्याला काडीचा धक्का लागलेला नसताना!

सगळ्यात पटणारं स्पष्टीकरण असं: ट्रिप्सिन हे पाचक द्रव्य एरवी लहान आतड्यात गेल्यावर कामाला लागतं. पित्तखड्यामुळे किंवा दारूमुळे दाह झाला की ते ग्रंथीतच जागं होतं. त्यातून रक्तातली ‘कॉम्प्लिमेंट’ ही रोगप्रतिकाराची प्रथिनं चेकाळतात, सी५ नावाच्या प्रथिनाचा तुकडा पडून सी५ए तयार होतं आणि त्याच्या इशाऱ्यावर पांढऱ्या पेशी एकमेकींना चिकटून गोळे बनवतात. हे गोळे केशवाहिन्यांच्या अगदी तोंडाशी अडकतात. घोडबंदर रोड वाहता आहे, पण सोसायटीच्या गल्लीच्या तोंडाशी टँकर अडकलाय, तशी गत. हमरस्त्यालगतच्या दुकानांना माल मिळतो, कोंडी होते ती आतल्या घरांची. पडद्यावरही हुबेहूब हेच दिसतं. धमनिकेलगतच्या, म्हणजे बारीक धमनीलगतच्या, सुमारे ५० मायक्रॉनच्या पट्ट्यात केशवाहिन्या नसतातच, तिथे प्राणवायू थेट धमनिकेतून झिरपतो. म्हणून तो पट्टा स्वच्छ राहतो आणि त्यापलीकडच्या पेशी सुजून पांढऱ्या पडतात. फोटोत ही कडा इतकी रेखीव येते, की पाहत राहावं.

साध्या फोटोत चट्टा दिसतो, त्याची खोली कळत नाही. त्यासाठी ओसीटी, म्हणजे ऑप्टिकल कोहिरन्स टोमोग्राफी. १९९१ मध्ये जगापुढे आलेलं हे तंत्र अवरक्तालगतच्या प्रकाशाचे परतलेले तरंग संदर्भकिरणाशी ताडून पाहतं आणि जेमतेम पाव मिलिमीटर जाडीच्या पडद्याचे थर वेगवेगळे दाखवतं. कोंडी झालेला मधला थर आधी चमकतो, काही आठवड्यांनी पातळ होतो.

जुनाट दाहाची तऱ्हा वेगळी. चरबी पचत नाही, तिच्यासोबतचं अ जीवनसत्त्वही शरीराला मिळत नाही, आणि रातांधळेपणा येतो. तेव्हा फोटो साफ असू शकतो. पडद्याचा विद्युत प्रतिसाद मोजणारी ईआरजी तपासणी लागते.

‘एआय डोळ्यात पाहून स्वादुपिंडाचा कॅन्सर सांगणार’ छापाचे मथळे वाचून मात्र हुरळून जाऊ नका. हे चट्टे दुर्मीळ आहेत, आणि ते दिसतात तेव्हा पोटदुखीने बेजार रुग्ण बहुधा इस्पितळातच असतो. अशा रुग्णाने ‘धूसर दिसतंय’ म्हटलं, तर ते अशक्तपणावर ढकलू नये. बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा तपासून घ्यावा. यावर खात्रीचा इलाज नाही, पण दाह ओसरल्यावर बऱ्याच जणांची नजर काही महिन्यांत थोडीफार सुधारते.