ऑफलाइन मेल रीडर

ऑफलाइन मेल रीडर म्हणजे बीबीएसवरचे मेसेज एका गठ्ठ्यात उतरवून घ्यायचे, फोन ठेवून द्यायचा आणि मग ते घरच्या कॉम्प्युटरवर निवांत वाचून उत्तरं लिहायची, यासाठीचं सॉफ्टवेअर. बीबीएस म्हणजे बुलेटिन बोर्ड सिस्टीम, कुणाच्या तरी घरातला एक कॉम्प्युटर, त्याला मोडेम (कॉम्प्युटरला फोनवरून दुसऱ्या कॉम्प्युटरशी बोलू देणारं यंत्र), मोडेमला फोनची लाइन, आणि त्या नंबरवर आपल्या मोडेमने फोन लावला की आपल्या पडद्यावर तिथले मेसेज, फायली, गेम असं सगळं दिसायला लागायचं. पहिलं बीबीएस शिकागोत १६ फेब्रुवारी १९७८ ला वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्युस या दोघांनी चालू केलं. ऑफलाइन रीडर रुळायला त्यानंतर जवळपास दहा वर्षं गेली आणि त्यांचा भर होता तो १९८० च्या दशकाच्या शेवटापासून ते १९९५-९६ पर्यंत.

याची गरज का पडली हे कळायला त्या काळचा फोन डोळ्यासमोर आणायला लागतो. बहुतेक बीबीएसना एकच लाइन असायची, म्हणजे एका वेळी एकच माणूस आत, बाकी सगळ्यांना एंगेज. म्हणून सिसॉप (बीबीएस चालवणारा माणूस) प्रत्येकाला दिवसाची वेळ वाटून द्यायचा, कुठे अर्धा तास, कुठे तास, वेळ संपली की लाइन कट. आता विचार करा, समोर दोनशे नवीन मेसेज आहेत, कोपऱ्यात उरलेली मिनिटं दिसतायत, कुणीतरी एकदम मुद्द्याचं काहीतरी लिहिलंय आणि त्याला नीट उत्तर द्यायचंय, पण आपण टाइप करत असताना बाहेर दहा जण तोच नंबर फिरवतायत. त्यात बीबीएसचे एडिटर साधे, एक ओळ लिहून एंटर मारला की मागे जाऊन दुरुस्त करणं जिवावर यायचं. अशा घाईत लोक जे लिहितात ते तसंच असतं, दोन ओळींचं आणि अर्ध्या वेळा चिडलेलं.

हिशोब करून बघा. एक मेसेज सरासरी हजार अक्षरांचा धरला तर दोनशे मेसेज म्हणजे दोन लाख अक्षरं. २४०० बीपीएसचा (म्हणजे सेकंदाला २४०० बिटचा) मोडेम सेकंदाला साधारण २४० अक्षरं आणतो, म्हणजे नुसती अक्षरं पडद्यावरून सरकायलाच चौदा मिनिटं गेली, वाचणं वेगळंच. तेच दोन लाख झिप केले की साधा मजकूर असल्यामुळे ऐंशी हजाराच्या आसपास येतात आणि सहा मिनिटांच्या आत घरी पोचतात, १४,४०० चा मोडेम असेल तर मिनिटभरात. मग फोन ठेवा, चहा करा, रात्रभर वाचत बसा, मीटर पळत नाही आणि लाइन दुसऱ्याला मोकळी.

या सगळ्याला एक ठरलेला साचा दिला तो मार्क हेरिंग यांनी, १९८७ मध्ये. अमेरिकेत पीसीबोर्ड नावाचं बीबीएस सॉफ्टवेअर फार चालायचं, त्याच्यासाठी हेरिंग यांच्या स्पार्कवेअरने क्यूमेल नावाचा प्रोग्रॅम काढला आणि त्यातून जो गठ्ठा बाहेर पडायचा तो क्यूडब्ल्यूके पॅकेट. (नंतर युनिक्सवर क्यूमेल नावाचा मेल सर्व्हर आला त्याचा याच्याशी काही संबंध नाही, नाव सारखं असल्यामुळे शोधताना गोंधळ होतो.) बीबीएसच्या बाजूला चालणाऱ्या अशा प्रोग्रॅमला मेल डोअर म्हणायचे. बाकीच्या बीबीएस सॉफ्टवेअरनीही हाच साचा उचलला आणि हीच त्याची खरी ताकद ठरली, कारण मग बीबीएस कुठलंही असो, आपल्या घरचा रीडर एकच. पाच बीबीएसचे पाच वेगळे मेनू पाठ करायची गरज उरली नाही.

वापर असा व्हायचा. पहिल्यांदा एकदाच मेल डोअरमध्ये जाऊन आपल्याला हव्या त्या कॉन्फरन्स, म्हणजे विषयवार विभाग, निवडून ठेवायचे. नंतर रोज फोन लावायचा, डोअर उघडायचं, डाउनलोड म्हणायचं. बीबीएस आपण मागच्या वेळी कुठपर्यंत आलो होतो तो पॉइंटर बघून पुढचे सगळे मेसेज गोळा करतं, झिप करतं आणि झेडमोडेम या फाइल पाठवायच्या पद्धतीने पाठवतं. फोन ठेवायचा. रीडरमध्ये पॅकेट उघडायचं, कॉन्फरन्सची यादी दिसते, प्रत्येकापुढे मेसेजचा आकडा, आणि आपल्या नावावर आलेले मेसेज वेगळे काढलेले. वाचत जायचं, वाटलं तिथे उत्तर लिहायचं, आपल्या आवडीच्या एडिटरमध्ये, समोरच्याचा मजकूर बाजूला चिन्हं लावून उद्धृत करून. ही सगळी उत्तरं रीडर एका आरईपी पॅकेटमध्ये बांधून ठेवायचा आणि पुढच्या कॉलला ते अपलोड केलं की बीबीएस सोडवून ज्याच्या त्याच्या जागी टाकायचं. पोस्टाची थैली येते आणि जाते तसंच, फक्त पोस्टमन आपण स्वतः.

पॉइंटरवर मात्र बारीक लक्ष ठेवायला लागायचं. डाउनलोड अर्ध्यात तुटलं आणि डोअरने पॉइंटर आधीच पुढे सरकवला असेल तर ते मेसेज गेले, पुढच्या पॅकेटमध्ये येणारच नाहीत, मग आत जाऊन हाताने मागे आणायचे. चांगली डोअर ट्रान्सफर पूर्ण झाल्याशिवाय पॉइंटर हलवायचीच नाहीत. उलट बाजूने, तेच आरईपी चुकून दोनदा चढवलं आणि बीबीएसने ते पकडलं नाही तर सगळी उत्तरं दोन दोनदा उमटायची आणि सगळ्यांच्या शिव्या खायला लागायच्या.

पॅकेटच्या पोटात काय असतं हेही बघण्यासारखं आहे. मेसेजेस डॉट डॅट नावाच्या एकाच फाइलमध्ये सगळे मेसेज सलग, १२८ बाइटच्या ठोकळ्यांत. प्रत्येक मेसेजचा पहिला ठोकळा हेडरचा, त्यात नंबर, तारीख, वेळ, कुणाला, कुणाकडून, विषय, आणि हेडर धरून एकूण किती ठोकळे आहेत तो आकडा. तीनशे अक्षरांचा मेसेज असेल तर तीन ठोकळे मजकुराचे आणि एक हेडरचा, झाले ५१२ बाइट, शेवटचा ठोकळा रिकामा राहिला तरी पूर्ण भरून. नावाला २५ जागा, विषयालाही २५. तारीख अमेरिकन पद्धतीची, आधी महिना, आणि वर्षाचे दोनच आकडे. ओळ संपली हे सांगायला नेहमीचं चिन्ह न वापरता २२७ नंबरचं अक्षर वापरलंय, आयबीएम पीसीच्या अक्षरसंचात तिथे ग्रीक पाय होता आणि इंग्रजी गप्पांमध्ये तो कशाला येतोय असा विचार असावा.

आता आपल्या दृष्टीने यातली गंमत सांगतो, कारण मला ही फार मोलाची वाटते. आपल्याकडे भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचा कोड होता, त्यात २२७ नंबरला बसलीय अर्धचंद्राची मात्रा, म्हणजे बॅट, कॅप, आणि हो, पॅकेट यातली मात्रा. म्हणजे इस्कीमधलं मराठी तसंच्या तसं क्यूडब्ल्यूकेत घातलं तर प्रत्येक ‘पॅ’ला ओळ तुटणार, ‘प’ वरच्या ओळीत आणि ‘केट’ खालच्या. आजच्या युनिकोडच्या यूटीएफ-८ मध्ये देवनागरी यातून सुटते, तिच्या कुठल्याच अक्षराच्या बाइटमध्ये २२७ येत नाही, पण जपानी हिरागाना-काताकानाची अक्षरं नेमकी २२७ नेच सुरू होतात, त्यांची वाट लागते. देवनागरीला वेगळा फटका बसतो, तो विषयाच्या २५ जागांचा. आपल्या प्रत्येक अक्षराला आणि प्रत्येक मात्रेला तीन बाइट लागतात, त्यामुळे ‘ऑफलाइन मेल’ एवढासा विषयही मावत नाही, मोजून ‘ऑफलाइन मे’ इथे पंचवीस भरतात आणि ‘ल’ बाहेर पडतो. साचा करणाऱ्याला दोष द्यायचं कारण नाही, १९८७ मध्ये एकेक बाइट फोनच्या बिलात मोजला जायचा. पण कुठल्या भाषेला जागा आहे आणि कुठल्या नाही हे असल्या बारीक आकड्यांवर ठरून जातं आणि नंतर बदलता बदलत नाही.

२५ ची अडचण इंग्रजीतही जाणवायचीच. टॉम जेनिंग्ज यांनी १९८४ मध्ये सुरू केलेल्या फिडोनेटमुळे वेगवेगळ्या गावांतली बीबीएस रात्री एकमेकांना फोन लावून मेसेजची देवाणघेवाण करायला लागली होती, तिथे विषयाला ७२ पर्यंत जागा असायची, ती क्यूडब्ल्यूकेत येताना छाटली जायची. म्हणून ब्लू वेव्ह नावाच्या रीडरने आपला स्वतःचा वेगळा साचा आणला, लांब विषय नीट, फिडोनेटची खाजगी पत्रं पत्त्यासकट नीट, आणि कुठली कॉन्फरन्स हवी-नको हेही घरूनच ठरवता यायचं. माझ्या मते तांत्रिकदृष्ट्या ब्लू वेव्ह सरस होतं. पण क्यूडब्ल्यूके सगळीकडे होतं, आणि सगळीकडे असणं ही गोष्ट सरस असण्यापेक्षा जड भरते.

रीडर बरेच होते. ग्रेग ह्यूगिल यांचा एसएलएमआर फार लाडका, त्याचाच पुढे मस्टँग सॉफ्टवेअरकडून ओएलएक्स म्हणून नवा अवतार आला. स्पार्कवेअरचा स्वतःचा फर्स्टरीडर होता. बरेचसे शेअरवेअर, वापरून बघा, पटलं तर पैसे पाठवा. मेसेजच्या शेवटी रीडर आपलं नाव आणि व्हर्जन डकवायचा आणि त्याच्याबरोबर एक टॅगलाइन, म्हणजे एखादं चटपटीत वाक्य. टॅगलाइन जमवायचा लोकांना नादच लागला, दुसऱ्याची आवडली की एका बटणावर ती आपल्या फाइलमध्ये, अशा हजारो जमवून ठेवलेले लोक होते. नको त्या माणसाचे मेसेज दिसूच नयेत असा फिल्टर, शब्द शोधणं, एका विषयाची साखळी सलग वाचणं, हे आज आपण गृहीत धरतो ते सगळं या छोट्या डॉस प्रोग्रॅममध्ये होतं.

सिसॉप लोकांचं याबद्दल दुमत असायचं. लाइन लवकर मोकळी होते म्हणून बरं, पण लोक आत येतात, गठ्ठा उचलतात आणि जातात, इतक्या मेहनतीने केलेले रंगीत पडदे बघतच नाहीत हेही खरं. म्हणून पॅकेटमध्येच स्वागताचा, बातम्यांचा आणि निरोपाचा पडदा घालायची सोय केलेली असायची.

युरोपात लोकल कॉललाही मिनिटाप्रमाणे पैसे पडायचे, त्यामुळे तिथे ऑफलाइनची गरज अमेरिकेपेक्षा जास्त. तिथे पॉइंट ही पद्धत जोरात होती, म्हणजे घरच्या कॉम्प्युटरलाच फिडोनेटचं छोटं उपकेंद्र करून टाकायचं, जर्मनीत क्रॉसपॉइंट हे सॉफ्टवेअर त्यासाठी प्रसिद्ध. कॉम्प्युसर्व्हसारख्या तासाप्रमाणे पैसे घेणाऱ्या मोठ्या सेवांसाठीही टॅपसिस वगैरे वेगळे रीडर होते.

भारतात बीबीएस मोजकीच. मुंबईत सुचित नंदा यांचं लाइव्ह वायर, बंगळूरला अतुल चिटणीस यांचं सीआयएक्स (इंग्लंडमध्ये याच अक्षरांची एक सेवा होती ती निराळी). मुंबईच्या बाहेरच्या माणसाला मुंबईचं बीबीएस म्हणजे एसटीडी, परगावचा महाग कॉल, आणि एसटीडी म्हटलं की रात्री उशिरा पाव दर लागेपर्यंत थांबायचं हे आपल्या पिढीला सांगायला नको. अशा ठिकाणी ऑनलाइन बसून वाचणं परवडणारच नव्हतं, गठ्ठा उचलून फोन ठेवणं हाच मार्ग. त्यातच १९९४ च्या सुमारास दूरसंचार खात्याने बीबीएसवर वर्षाला १५ लाखांची लायसन्स फी लावायचं काढलं, घरातून हौसेने चालवणाऱ्याने ती भरायची कुठून. मग १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएल या सरकारी कंपनीचं इंटरनेट आलं आणि हळूहळू तो प्रश्नच मागे पडला.

ऑफलाइन रीडरने सगळ्यात मोठी गोष्ट केली ती लिहिण्याच्या बाबतीत असं मला मनापासून वाटतं. फोन ठेवलेला असला की माणूस पुन्हा वाचतो, पुस्तक उघडून खात्री करतो, रागाने लिहिलेलं सकाळी पुसून टाकतो, कारण आरईपी पॅकेट अजून घरीच असतं. लांब, मुद्देसूद उत्तरं यायला लागली. तोटाही होता, दोन दिवसांनी फोन लावणाऱ्याचं उत्तर पोचेपर्यंत वाद मिटलेला असायचा आणि एकाच प्रश्नाला सात जणांचं तेच उत्तर यायचं, कारण कुणालाच बाकीच्यांचं दिसलेलं नसायचं.

हे अजून पूर्ण संपलेलं नाही. सिंक्रोनेट आणि मिस्टिक ही बीबीएस सॉफ्टवेअर आजही इंटरनेटवरून चालतात आणि क्यूडब्ल्यूके देतात, डव्ह-नेटसारखी मेसेजची नेटवर्क बीबीएस ते बीबीएस याच पॅकेटवर चालतात. मल्टीमेल हा मुक्त रीडर लिनक्स, विंडोज दोन्हीवर चालतो आणि क्यूडब्ल्यूके, ब्लू वेव्ह दोन्ही वाचतो. कुणाकडे जुन्या फ्लॉपीवर असं पॅकेट सापडलं तर टाकून देऊ नका, ज्या बीबीएसवरून ते आलं तिथली डिस्क बहुतेक कधीच गेलेली असते. ते पॅकेट म्हणजे बहुधा झिप फाइलच असते, ती उघडायची आणि आतली कंट्रोल डॉट डॅट साध्या नोटपॅडमध्ये बघायची. पहिल्या ओळीत बीबीएसचं नाव, दुसरीत गाव, तिसरीत फोन नंबर, चौथीत सिसॉपचं नाव, पाचवीत बीबीएसचा आठ अक्षरांपर्यंतचा आयडी, सहावीत पॅकेट बांधल्याची तारीख आणि वेळ, आणि सातवीत मोठ्या अक्षरांत त्या माणसाचं नाव ज्याच्यासाठी ते बांधलं होतं.