घडीचा चाकू : पोलाद आणि धारेचा टिकाऊपणा

पाते मुठीत मिटणारा, खिशात बाळगायचा चाकू निवडताना पात्याचे पोलाद कोणते हा पहिला प्रश्न असतो आणि त्याची धार किती टिकेल हा दुसरा. एकदा लावलेली धार पुन्हा लावावी लागेपर्यंत पाते जितके काम देते, तितका तिचा टिकाऊपणा. तो पोलादाच्या नावावरून कळतो असा सर्रास समज आहे, पण नाव हा त्यातला एक भाग आहे. पोलादाला पाणी कसे दिले (म्हणजे ते तापवून-थंड करून कठीण कसे केले), धारेमागे पाते किती जाड आहे आणि कापायचे काय, यावरही तो तितकाच अवलंबून असतो.

धार तीन तऱ्हांनी जाते. पोलाद मऊ असेल तर ती एका अंगाला वळते, ठिसूळ असेल तर तिचे बारीक टवके उडतात, आणि दोन्ही नसले तरी घासून ती झिजतेच. ताज्या धारेचे पाते दिव्याखाली कड वर करून धरले तर कडेवर काहीच दिसत नाही. बोथट जागी मात्र केसाएवढी पांढरी चकाकी दिसते, कारण तिथे कड सपाट होऊन उजेड परतवते. नुसती वळलेली धार चामड्याच्या पट्ट्यावर काही वेळा उलटी ओढली की सरळ होते. झिजलेली धार दगडावरच न्यावी लागते.

वळण्याला विरोध करते ती कठिनता. ती रॉकवेल सी मापाने सांगतात आणि खिशातल्या चाकूंची पाती साधारण ५६ ते ६२ च्या दरम्यान असतात. ही कठिनता पाणी देण्याच्या क्रियेतून येते. पाते लालबुंद तापवून झटकन थंड करतात आणि मग बेताच्या आचेवर पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा घालवतात. हे काम चुकले तर उंची पोलादही वाया जाते. नीट पाणी दिलेले साधे पोलाद, घाईत पाणी दिलेल्या महागड्या पोलादापेक्षा निःसंशय सरस ठरते.

झिजेला विरोध करतात ती पोलादात विखुरलेली कार्बाइडे, म्हणजे कार्बन आणि दुसऱ्या धातूच्या संयोगातून बनलेले अतिकठीण कण. विकर्स या कठिनतेच्याच दुसऱ्या मापावर लोहाचे कार्बाइड १,००० च्या आसपास, क्रोमियमचे १,५०० च्या आसपास आणि व्हॅनेडियमचे २,८०० च्या आसपास भरते. म्हणून व्हॅनेडियम असलेली पोलादे पुठ्ठा आणि दोर कापताना दीर्घकाळ टिकतात. पुठ्ठ्यात माती-वाळूचे खनिज कण असतात आणि ते मऊ पोलादाला भराभर खातात. सीपीएम एस९०व्ही या पोलादात सुमारे ९ टक्के व्हॅनेडियम असते. पण धार लावायच्या कुरुंदाची कठिनता २,००० च्या जवळपास असल्याने त्या कणांपुढे कुरुंदाचा दगड हार मानतो आणि हिऱ्याची पट्टी लागते. ती जवळ नसेल तर असे पाते घेऊ नये.

या कणांचे प्रमाण वाढले की पोलादाचा चिवटपणा, म्हणजे टवका न उडता ताण सोसण्याची ताकद, घटतो. ओतीव पोलादात हे कण मोठे होतात, गठ्ठ्याने जमतात आणि टवका बहुधा तिथूनच उडतो. यावर चूर्ण धातुविज्ञानाने उपाय काढला. वितळलेले पोलाद वायूच्या झोताने फवारून त्याचे चूर्ण करतात आणि ते उष्णता व दाब देऊन सांधतात, त्यामुळे कण बारीक आणि सारखे पसरलेले राहतात. २००१ मध्ये चाकूंसाठी म्हणून आलेले सीपीएम एस३०व्ही याच पद्धतीचे.

गंजाचा विचार घडीच्या चाकूत अधिक करावा लागतो. खिशातला घाम आणि फळांचा आंबट रस बिजागरीत शिरतो आणि तिथे फडके पोचत नाही. येथे क्रोमियमचा नुसता आकडा फसवा असतो. डी२ या पोलादात सुमारे १२ टक्के क्रोमियम असूनही त्यावर डाग पडतात, कारण दीड टक्का कार्बन त्यातले बरेचसे क्रोमियम कार्बाइडांत अडकवून ठेवतो. गंज रोखायला मोकळे क्रोमियम लागते. याच तर्कावर लॅरिन थॉमस या अमेरिकी धातुशास्त्रज्ञाने बेतलेले मॅग्नाकट हे पोलाद २०२१ मध्ये आले. त्यात क्रोमियम ११ टक्क्यांच्या आतच आहे, पण कार्बाइडे व्हॅनेडियम आणि निओबियमची असल्यामुळे क्रोमियम मोकळे राहते. डी२ पेक्षा कमी क्रोमियम असलेले हे पोलाद गंजाला त्याच्याहून कितीतरी चांगले तोंड देते. साधे कार्बन पोलाद ज्यांना आवडते त्यांनी वापरल्यावर पाते पुसून तेलाचा हात फिरवावा. काळपट छटा चढली तर ती घासून काढू नये, ती गंजाला थोडी अडवते.

टिकाऊपणा मोजण्याची प्रमाणित चाचणी आयएसओ ८४४२-५ या मानकात आहे. वाळूचे कण मिसळलेल्या कागदी पट्ट्यांच्या थप्पीवर पाते ठरावीक वेळा पुढेमागे चालवतात आणि एकूण किती मिलिमीटर कागद कापला ते मोजतात. त्याच पोलादाच्या धारेचा कोन कमी केला की हा आकडा लक्षणीय वाढतो. म्हणूनच दर बाजूस २५ अंशांच्या जाड धारेचे भारी पोलाद १५ अंशांच्या साध्या पोलादापुढे मागे पडू शकते. अर्थात कोन किती उतरवायचा याला पोलादाच्या चिवटपणाची मर्यादा आहे. घडीच्या चाकूने उचकटायचे किंवा तोडायचे नसतेच, कारण पात्याआधी बिजागरी ढिली होते. त्यामुळे येथे पातळ धार परवडते.

रोजच्या किरकोळ कामासाठी १४सी२८एन सारखे बारीक कणांचे, सहज धार घेणारे अगंज पोलाद पुरेसे आहे, आणि पहिलाच चाकू घेणाऱ्याने तेच घ्यावे. दिवसभर पुठ्ठे फोडणाऱ्याला व्हॅनेडियमचा खरा उपयोग होतो. नव्या पात्याबद्दल मत मात्र पहिल्या धारेवरून बनवू नये. कारखान्यात यंत्राच्या फिरत्या घासपट्ट्यावर धार काढताना अगदी कडेचे पोलाद तापून मऊ पडलेले असू शकते. दोन-तीनदा हाताने धार लावली की तो थर निघून जातो आणि खालचे पोलाद कामाला येते.